कोरड्या जिभेची सही

—नाही, त्या फळीवरचे डबे नका उचलू, म्हणजे उचला हवं तर, मागच्या महिन्यातले आहेत, चांगलेच आहेत, पण आधी बसा. त्या बाकावर. बूट राहू देत, गुऱ्हाळात कोणी बूट काढत नाही. विकायचा नाही असं कुठे म्हटलं मी? देते ना मेपलचा पाक, एक गॅलन काय, दोन देते, फक्त माझं एक काम करा — दहा मिनिटांचं. गाडीला कनेटिकटची पाटी आहे म्हणजे घाई असणारच, तिकडची माणसं व्हरमाँटला शांतता बघायला येतात आणि शांतता दिसली की घड्याळ बघतात. बसा हो. जीभ कशी आहे तुमची? हसू नका, नीट विचारतेय. सर्दी नाही ना? सिगारेट? कॉफी कधी घेतली — तासभर झाला? मग चालेल. ही काकडी खा आधी, बरणीतली, आंबवलेली. पूर्ण खा. मेपलच्या पाकाबरोबर आंबट काकडी आमच्याकडे लहान पोरंही खातात, नाहीतर तिसऱ्या घोटाला तोंड गोडाने बधिर होतं आणि सगळंच छान लागायला लागतं. मला तुमचं ‘सगळंच छान’ नकोय. मला खरं हवंय.

मी का नाही चाखत? विचारा, विचारा, हक्क आहे तुमचा. सव्वीस वर्षं चाखतेय मी. बाहेर शेडखाली निळी पिंपं बघितलीत ना, ओळीने? चौदा आहेत. प्रत्येकाच्या झाकणावर जाड काळ्या पेनाने ए आणि जी. आर्डिथ गान्ये — मी. अकरा माझी, तीन हॉलिसची, टेकडीपलीकडच्या म्हाताऱ्याची. दुपारी खरेदीदाराचा ट्रक येतो, डेल नावाचा माणूस चालवतो. तो बाकी सगळ्यांची पिंपं उघडतो, चमचा बुडवतो, चाखतो, नाक मुरडतो. माझी सही असली की नाही उघडत. सही बघतो आणि चढवतो. म्हणून तर हॉलिस आपली पिंपं माझ्याकडे आणतो — आर्डिथने चाखलं म्हणजे झालं. आणि इथून गेलेला पाक कारखान्यात सगळ्यांच्या पाकात ओततात, एका टाकीत. एकदा ओतला की कोणाचा कुठला ते देवालाही वेगळं करता येत नाही. कळलं ना मी काय सांगतेय? ट्रक जाईपर्यंत चूक माझी आहे. ट्रक गेला की ती अख्ख्या तालुक्याची.

चूक झालीच आहे असं नाही म्हटलं मी. झाली का ते बघायचंय. हा पहिला पेला घ्या. थोडाच, जिभेवर फिरवा, लगेच गिळू नका. कसा आहे? — गोड. अहो, गोड असणारच, पाक आहे तो. आणखी? — लोण्यासारखं, शेवटी थोडं लाकडाच्या धुरासारखं. शाबास. अगदी बरोबर. हा मार्चमधला आहे, माझी जीभ होती तेव्हाचा. म्हणजे तुमची चालते. मी घाबरले होते, म्हटलं हिला काहीच सांगता आलं नाही तर मी कोणाला धरून आणू — रस्त्यावर सकाळपासून दोन गाड्या गेल्या, एक टपालाची.

नऊ दिवस झाले. मला काही लागत नाही — म्हणजे गोड लागतं, पण लांबून, कोणी शेजारच्या खोलीत खाल्ल्यासारखं. तोंड असं कोरडं की जीभ टाळूला चिकटते आणि सोडवताना आवाज येतो. नाक चोंदलेलं. कारण काय तर गोळी. झोपेची गोळी — नाही, तेही खोटं, झोपेची नाहीच ती. निराशेवरची आहे. मला क्लिनिकमध्ये त्या नर्सबाईने — आमच्याकडे औषध तीच लिहून देते — नाव सांगितलं आणि मी विचारलं, हे तर रडणाऱ्या माणसांना देतात ना? ती म्हणाली, त्यांना जास्त देतात, तुम्हाला अगदी थोडी, एवढ्या थोड्या मात्रेत तिचा फक्त झोप आणण्याचा गुण वापरायचा. मी म्हटलं, मी निराश नाहीये. ती म्हणाली, कोणी म्हटलं नाही तुम्ही निराश आहात. मी म्हटलं, मग गोळी कसली देताय. ती कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, झोपेची. असं गोल गोल. दहा मिनिटं मिळतात तिथे, त्यातली चार ती टाइप करते. आणि काय काय विचारलं — वय, वजन, दारू किती, पडलात का, मरावंसं वाटतं का, घरात बंदूक आहे का. आहे, म्हटलं, सगळ्यांच्या घरात आहे. सगळं विचारलं, पण पोट कशावर चालतं ते नाही विचारलं. बाई, तुमचा धंदा जिभेवर आहे का, हा रकानाच नाही त्यांच्या कागदावर. गाडी चालवता का, यंत्र चालवता का, एवढं आहे. मी कुठे यंत्र चालवते? मी चमचा चालवते.

कागदावर लिहिलं होतं, हो. डब्याबरोबरच्या त्या घडी घातलेल्या कागदावर. तोंड कोरडं पडणे, चव बदलणे, नाक चोंदणे, उठताना चक्कर. वाचलं मी. आज सकाळी. तुम्ही असं बघू नका, तुम्ही तुमचे कागद वाचता का? इतक्या बारीक अक्षरात छापतात, वाचलाच नाही पाहिजे माणसाने अशी काळजी घेतात, आणि मग म्हणतात, लिहिलं होतं की.

हा दुसरा पेला. थांबा — काकडी. हं, आता. हा चौथ्या दिवसाचा, म्हणजे गोळीच्या चौथ्या. — तसाच? लोणी आहे? थोडं कमी, पण आहे. बरं. बरं, मग चार दिवस तरी नीट गेले. रंग गडद आहे, पण रंगाचं काही नाही, हंगाम सरत आला की रंग चढतोच.

तुम्हाला वाटत असेल, बाई कुरकुर करतेय, मग गोळी बंद का नाही करत. तेच तर. झोप लागते हो. पहिल्या रात्री मी इथेच, या टेबलापाशी पाण्याबरोबर घेतली, काहीलीखालचा विस्तव उकरून आडवा केला, दार लावलं आणि घरापर्यंत भिंतीला धरून गेले. बूट काढले नाहीत. डोळे उघडले तर खिडकीत ऊन. मला वाटलं काहीतरी वाईट झालंय, कोणीतरी गेलंय, म्हणून घर इतकं शांत आहे — आणि मग कळलं की मी झोपले होते. साडेसहा तास. सलग. मी पलंगावर बसून राहिले, नुसती. उभी राहिले तर जमीन बाजूला सरकली, कपाट धरलं. डोकं म्हणजे ओल्या लोकरीने भरलेलं, दुपारपर्यंत पिळून निघेना. आणि स्वप्नं — अहो, काय स्वप्नं, रंगीत, आवाजासकट, माझे वडील काहीलीत उभे राहून मला पत्ते वाटत होते. पण झोप. साडेसहा तास. फेब्रुवारीपासून मी तीन तासांच्या झोपेवर काम करत होते, तुम्हीच सांगा, सोडवेल का?

हो, चूक माझीही आहे, ती मला आज फोनवर ऐकवलीच. सकाळी केला मी फोन. एक दाबा, दोन दाबा, मग संगीत, मग तीच बाई. म्हणाली, किती वाजता घेता? मी म्हटलं, काम संपलं की, बारा, कधी साडेबारा. आणि उठता? पाचला. ती म्हणाली, आठ तास हाताशी असतील तेव्हाच घ्यायची, म्हणून सकाळी गुंगी राहते. मी म्हटलं, बाई, मेपलच्या झाडांना सांगा, रस आठ तास थांबवा. रस टाकीत आला की त्याच दिवशी उकळायचा, नाहीतर आंबतो. पण हे मी तिला क्लिनिकमध्ये सांगितलं नव्हतं, हे खरं. मला वाटलं तिला माहीत असेल, एप्रिलमध्ये या गावात कोण रात्री दहाला झोपतं? ती मागच्या वर्षी ॲरिझोनाहून आलीय. म्हणाली, तोंड कोरडं पडणं बरेचदा दोन-तीन आठवड्यांत कमी होतं, मात्रा आणखी कमी करून बघू, एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका, परवा या. सभ्य बोलली, तशी वाईट नाही ती. पण दोन-तीन आठवडे म्हणजे — आमचा अख्खा हंगाम सहा आठवड्यांचा असतो.

आणि लगेच का नाही कळलं म्हणाल, तर माणूस आधी स्वतःवर शंका घेत नाही. पहिले दोन दिवस मला वाटलं रसच पातळ आलाय. मग वाटलं अंडी शिळी आहेत, कॉफी जुनी आहे. दुकानात जाऊन नवी कॉफी आणली, तिच्याही नावाने शंख केला. तिकडे सही चालूच. रंग बघून, घनतेची नळी बुडवून, चमच्याच्या कडेवरून पाक कसा चादरीसारखा सुटतो ते बघून — आणि उरलेलं आठवणीने. चमचा तोंडात घालायचा, लागायला हवं तसं लागलं असं धरायचं आणि पेन उचलायचं. हॉलिस समोर उभा होता टोपी हातात घेऊन, या वर्षी नवीन काहील घेतलीय त्याने, पोरासारखा बघत होता माझ्या तोंडाकडे. त्याला काय सांगू, की मला कळत नाही? म्हटलं, झकास आहे हॉलिस. खुश होऊन गेला.

हा तिसरा. कालचा. हॉलिसचा नाही, माझाच. घ्या. सावकाश.

काय झालं? बोला ना, तोंड का असं केलंत — छान आहे? कसा छान? — चॉकलेट.

चॉकलेट म्हणालात तुम्ही? नक्की? पुन्हा घ्या. काकडी खा आणि पुन्हा घ्या. — ती कागदात गुंडाळलेली चघळायची चॉकलेटं मिळतात, तसं. आवडलं तुम्हाला. सगळ्यात वेगळा आहे, हाच द्या म्हणता. ठेवा तो पेला खाली. नाही, तुमच्यावर ओरडायचं नव्हतं मला, ओरडले, माफ करा. तुमचा काय दोष, तुम्ही खरं सांगितलंत. झाडाच्या कळ्या फुगल्या ना, की रसाची चव फिरते. रंगाला कळत नाही, नळीला कळत नाही, फक्त जिभेला. आणि पहिल्यांदा कळतं ते असंच, चॉकलेटसारखं, नवख्याला आवडतंही — महिन्याभराने डबा उघडला की ओल्या तळघरासारखा वास येतो. तो पाक कोणी पोळीवर घालत नाही. एक पिंप त्या टाकीत गेलं तर टाकी गेली.

पण असं होऊच शकत नाही. थांबा. नीट विचार करू द्या. कळ्या फुगल्या असत्या तर बेडकं ओरडली असती. आमच्याकडे सगळे त्याच्यावर चालतात, तळ्यातली बारकी बेडकं ओरडायला लागली की दोन-तीन दिवसांत चूल बंद, माझे वडील तसंच करायचे, त्यांचे वडील तसंच. आणि यंदा अजून एकही ओरडलेलं नाही. इथे गुऱ्हाळात कळत नाही, चुलीचा पंखा असतो ना, त्याच्या घरघरीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, पण तळं माझ्या झोपायच्या खोलीमागेच आहे. दरवर्षी गावात पहिलं बेडूक मी ऐकते. सकाळी दुकानात जाऊन सांगते आणि सगळे चुली विझवायच्या तयारीला लागतात. जागीच असते ना मी, मला नाही ऐकू येणार तर—

काय म्हणालात? कुठल्या मोटेलमध्ये, पुलाजवळच्या? त्याच्यामागे ओढा आहे, हो. — तीन रात्री. तीन रात्री झोप नाही तुम्हाला बेडकांमुळे.

तीन.

म्हणजे बुधवारपासून. बुधवारपासूनची पिंपं म्हणजे माझी सहा. आणि हॉलिसने त्याची तीन आणली गुरुवारी. अहो, खिडकीपासून वीस पावलांवर आहे ते तळं, आणि मी तिथे पडून, बूट घालून, वडिलांशी पत्ते खेळतेय. आणि गावात सगळे चुली पेटवून बसलेत, का, तर आर्डिथ अजून काही बोलली नाही. त्यांनाही ऐकू आलं असेल की. आलंच असेल. पण म्हणाले असतील, तिला माहीत असेल, ती थांबलेली नाही ना.

हॉलिसची जागा उत्तरेकडच्या उताराला आहे, तिथे कळ्या उशिरा येतात, त्याचा पाक चांगलाही असेल. असेलच. पण कोण सांगणार? तुम्ही नाही सांगू शकत — रागावू नका, तुम्हाला चॉकलेट आवडतं. पूर्ण बिघडलेलं तुमच्यासारखीलाही कळतं, पण बिघडायला लागलेलं, सुरुवातीचं, धाग्याएवढं — त्याला जीभ लागते. या भागात तशा दोनच होत्या. एक माझी.

दुसरी ओमेरची. माझा भाऊ. थोरला. तो येणार नाही. त्याला मी बोलावणारही नाही, कारण काय म्हणून बोलावू? याच अंगणात, ट्रकसाठी सगळे उभे असताना, त्याची सहा पिंपं मी परत केली. बिघडलेलीच होती, पाक बिघडलेलाच होता, त्यात माझं काही चुकलं नाही. चाखला आणि थुंकले. म्हटलं, ओमेर, तुझी जीभ गेली, आता गाई पाळ. तो हळूच म्हणाला — मोठ्याने बोलायची सवय नाही त्याला — म्हणाला, जॅनेट गेल्यापासून डॉक्टरने रात्रीची एक गोळी दिलीय, तोंडाला कोरड पडते, लागत नाही काही. वहिनी जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. आणि मी काय म्हणाले? मी म्हटलं, गोळीने जीभ जात नाही, लक्ष जातं. सगळे हसले. डेल हसला, हॉलिस हसला. ओमेरने एकट्याने सहाही पिंपं परत गाडीत चढवली, कोणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर बोललेला नाही. दोन वर्षं झाली, तेव्हापासून मला झोप—

फेब्रुवारीपासून. हो, मगाशी फेब्रुवारी म्हणाले मी. त्या बाईलाही फेब्रुवारीच सांगितलं, तिने तसं टाइप केलं. काय सांगू दुसरं? तिने विचारलं, काही घडलं होतं का तेव्हा? मी म्हटलं, हंगाम सुरू झाला. जे दहा मिनिटं देतात त्यांना दहा मिनिटांचंच मिळतं.

गोळी त्याचीही हीच होती का, आता सुटली का, कोणास ठाऊक. मी नाव विचारलं नव्हतं. मी काहीच विचारलं नव्हतं त्याला. त्या नर्सबाईच्या नावाने सकाळपासून बोटं मोडतेय की हिने मला धंदा विचारला नाही, आणि मला तर त्याचा धंदा माहीत होता, त्याची बायको माहीत होती, त्याचं तोंड मी साठ वर्षं बघतेय.

—आला. ऐकलंत? खालच्या वळणावर गिअर बदलला, तो डेलच. अर्धा तास लवकर. याला आजच लवकर यायचं होतं. आता तो हसत उतरेल, हातावर हात घासेल, सही बघेल आणि ट्रकला फळी लावेल. मी काही बोलले नाही तर काही होणार नाही, हेही खरं आहे. सही आहे. टाकीत कोण कोणाला ओळखतं. पुढच्या महिन्यात डबे उघडतील, तोपर्यंत माझी जीभ आलेली असेल, आणि मी सगळ्यांत आधी म्हणेन, अरे, हा कोणाचा पाक? सगळे माझं ऐकतील. ओमेरचा असेल म्हणतील.

नाही, पेले राहू द्या, मी धुते. उठा तुम्ही. तुमचा डबा घ्या, फळीवरचा, मार्चमधला आहे, पोरांना द्या, कोणालाही द्या. पैसे नकोत. तुम्ही खाली जाताना डावीकडे हिरव्या पत्र्याचं घर लागेल, दाराशी लाल ट्रॅक्टर, ते ओमेरचं — तिथे जरा थांबून त्याला सांगाल का, की—

नको. काही सांगू नका. तिथे थांबूही नका. डेलला मी सांगते, आणि तिकडेही मीच जाते, हॉलिसचा पाक आणि चमचा घेऊन. जाईन. तो दार उघडो नाही तर न उघडो. तुम्ही आता निघा, तुमची गाडी मध्ये आहे, त्याला ट्रक वळवता येणार नाही. आधी गाडी हलवा. जा म्हटलं ना.